वरून बांधलेल्या गाठी

'गाठी वरूनच बांधलेल्या असतात' हे लग्नाच्या मांडवात गोड वाटतं, पुढे संसारात जड जातं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रेमंड नी यांनी विद्यार्थ्यांच्या प्रेमसंबंधांवर केलेला अभ्यास 1998 मध्ये प्रसिद्ध झाला. जोडी नशिबानेच जुळते असं मानणाऱ्यांची नाती सुरुवातीच्या समाधानावर फार अवलंबून होती. पहिले दिवस छान गेले तर टिकायची, नाहीतर लवकर तुटायची. खटका उडाला की अशी माणसं मार्ग काढण्याऐवजी अंग काढून घेत.

'माझ्यासाठीच घडलेल्या' माणसाला न सांगता सगळं कळावं, ही त्यामागची अपेक्षा. कामावरून दमून आलेली बायको गप्प बसते, नवऱ्याने ओळखावं म्हणून वाट बघते आणि शेवटी पाठ फिरवून झोपते. ''आज कुकर तू लाव'' एवढं साधं वाक्य राहूनच जातं.

दुसरी बाजू मला जास्त घातक वाटते. हाच जन्मोजन्मीचा जोडीदार असं एकदा मनाने घेतलं, की संशय घेणं, मोबाइल तपासणं, अगदी हात उगारणंही प्रेमापोटीच म्हणून खपून जातं. कृपा करून ते खपवून घेऊ नका. घरात मारहाण होत असेल तर 181 या महिला हेल्पलाइनवर फोन करा.