चोवीस तासांचा मुहूर्त

दसऱ्यासारख्या मुहूर्तावर नवे यंत्र सुरू करावयाचे नाही, असे म्हणणारा मुलगा आपल्या घरात निपजावा, याचा गेल्या वर्षी मला खरोखरच राग आला होता. आज तो राग आठवला, की माझे मलाच हसू येते.

बडोद्याच्या आमच्या घरी खंडेनवमीला पूजेच्या पाटावर अडकित्ता, कात्री आणि माझी पान्यांची जुनी पेटी मांडली जाते. गेल्या वर्षी त्यांच्या शेजारी चिरंजीवांचा स्क्रू ड्रायव्हर येऊन बसला. दीड वर्ष शिकवण्या करून साठविलेल्या पैशांतून त्याने खेळांसाठी स्वतः संगणक जुळविला होता आणि तोही पाण्याने थंड राहणारा! विजेच्या यंत्रात पाणी, हे ऐकूनच सौभाग्यवतींनी देवाला हात जोडले.

कल्पना मात्र नवी नाही. आयबीएमने १९८० साली जाहीर केलेल्या ३०८१ या मोठ्या संगणकातही उष्णता वाहून नेण्याचे काम पाणीच करी. कारण साधे आहे. आजच्या खेळांची चित्रे रंगविताना एखादे मोठे ग्राफिक्स कार्ड एकटेच ३०० वॉटहून अधिक वीज घेते आणि तिची जवळजवळ सगळी उष्णताच होते. तेवढ्याच वजनाच्या हवेपेक्षा पाणी चौपट उष्णता सामावून घेते. म्हणून प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड यांवर आतून पोकळ असे तांब्याचे ठोकळे बसवितात. पंप त्यांतून पाणी फिरवितो, तापलेले पाणी रेडिएटरमध्ये जाते आणि पंखे तेथील उष्णता हवेत सोडतात. मोटारीच्या इंजिनाचीच ही रीत!

पथ्ये मात्र कडक. तांब्याच्या ठोकळ्यांबरोबर ॲल्युमिनियमचा रेडिएटर जोडू नये. दोन्ही धातू एकाच पाण्यात आले, की ॲल्युमिनियम झिजू लागते. नळाचे पाणी वर्ज्य. गंज व शेवाळ रोखणारी द्रव्ये मिसळलेले डिस्टिल्ड वॉटरच हवे. पंप कोरडा फिरवू नये. आणि अखेरचे पथ्य म्हणजे गळतीची परीक्षा.

नवमीच्या रात्री चिरंजीवांनी केवळ पंपाला वीज दिली. बाकी सर्व भागांच्या विजेच्या जोडण्या काढून ठेवल्या आणि प्रत्येक सांध्याखाली टिपकागदाचे तुकडे अंथरले. दसऱ्याच्या सकाळी झेंडूची माळ घेऊन मी म्हणालो, "अरे, मुहूर्त टळतो आहे. दाब बटण!"

"बाबा, चोवीस तास अजून व्हायचे आहेत."

मी तणतणत निघून गेलो. दुपारी सहज डोकावलो, तर ग्राफिक्स कार्डाजवळच्या एका सांध्याखाली कागदावर मोहरीएवढा ओला डाग! आतली रबरी ओ-रिंग पिळवटून बसली होती. सकाळी माझे ऐकले असते, तर दीड वर्षाची कमाई कदाचित त्या थेंबानेच जाळली असती. चिरंजीवांनी मला एका शब्दानेही टोचले नाही. पाणी काढले, सारे कोरडे केले, नवी रिंग बसविली आणि पुन्हा चोवीस तास मोजावयास बसले. संगणक उजळला तो एकादशीच्या रात्री. झेंडूची माळ तोवर सुकली होती. तरी ती मीच वाहिली.

तेव्हा आजीने विचारले, "माठासारखे गार होते का रे पाणी?" प्रश्न मार्मिक होता. माठातले पाणी झिरपून वाफ होते, म्हणून ते हवेपेक्षाही गार होते. येथे पाणी बंद नळ्यांत फिरते. ते उष्णता केवळ वाहून नेते आणि खोलीच्या हवेहून गार कधीच होत नाही. मे महिन्यात याचा प्रत्यय आला. खोली आठ अंशांनी तापली, तसा प्रोसेसरही जवळजवळ तेवढाच तापला, शिवाय संगणकाने सोडलेली उष्णता खोलीतच राहिली.

चिरंजीवांनी मग उन्हाळ्यातले दुपारचे खेळ बंद केले. आजीची समजूत अशी, की ते तिच्या धाकाने!