राजहंसाचा पंख आणि खाद्याचा हिशेब

आमच्या परिचयाचे एक गृहस्थ आखातातील नोकरी संपवून कोकणात गावी परतले. नारळाच्या वाडीत त्यांनी कोंबड्यांची छोटी शेड घातली आणि जोडधंदा म्हणून राजहंसाची तीस पिल्ले आणली. राखणीच्या कामात राजहंस कुत्र्याला हार जात नाही. फार्महाऊसवाले हौसेने जोडी घेऊन जातात, हा त्यांचा हिशेब. पिल्लांना त्यांनी पोटच्या मुलांसारखे जपले. कोंबड्यांसाठी आणलेले भारी ब्रॉयलर खाद्य दिवसरात्र त्यांच्यासमोर असे. पिल्ले भराभर वाढली. पण सातव्या आठवड्यात नऊ पिल्लांच्या पंखांची टोके उलटी फिरून अंगाबाहेर आली. गिऱ्हाईक आले, पाहून म्हणाले, "चाचा, हे मोडके पक्षी आम्हांला नकोत," आणि निघून गेले.

"नजर लागली की साथ आली?" असे त्यांनी आम्हांला विचारले. आम्ही चौकशी केली, जाणकारांचे लिखाण चाळले. जे कळले ते बदके-राजहंस पाळणाऱ्या सर्वच वाचकांच्या उपयोगाचे आहे, म्हणून येथे देत आहोत.

नाव फरिश्त्याचे, काम नुकसानीचे

इंग्रजीत या व्यंगाला 'एंजल विंग', म्हणजे फरिश्त्याचा पंख, असे म्हणतात. 'स्लिप्ड विंग' असेही दुसरे नाव आहे. हा संसर्गाचा रोग नाही. एका पक्ष्याचा दुसऱ्याला लागत नाही. पंखाच्या शेवटच्या सांध्याला, म्हणजे आपल्या मनगटाच्या जागी, पीळ पडतो. मग मोठी पिसे अंगाला चिकटून न राहता बाजूला उभी राहतात. एका बाजूलाच व्यंग आले तर ते बहुधा डाव्या पंखाला येते.

असे का होते, हे समजायला सोपे आहे. अंड्यातून निघताना राजहंसाचे पिल्लू साधारण १०० ग्रॅमचे असते. भारी जातीचे पिल्लू आठ-नऊ आठवड्यांत चार किलोच्या पुढे जाते. याच काळात पंखाची मोठी पिसे फुटतात. वाढत्या पिसाच्या नळीत रक्त भरलेले असते, त्यामुळे ते जड असते. खाद्य जोरकस असेल तर पिसे झपाट्याने वाढतात, पण मनगटाचे हाड आणि स्नायू तेवढ्या वेगाने बळकट होत नाहीत. कोवळ्या सांध्यावर ओझे आले की पंख लोंबतो, बाहेर वळतो आणि पुढे हाड पक्के झाले की तसाच राहतो.

जाणकार काय सांगतात?

पाणपक्ष्यांच्या इंग्रज अभ्यासक जॅनेट किअर यांनी १९७३ साली पिल्लांच्या आहारावर एक टिपण प्रसिद्ध केले. त्यात या व्यंगाची खास चर्चा आहे. तेव्हापासून जादा प्रथिने, जादा उष्मांक आणि त्यातून होणारी घाईची वाढ यांवर मुख्य बोट ठेवले जाते. मँगॅनीज, तसेच ड आणि ई जीवनसत्त्वांच्या कमतरतेचाही संशय घेतला जातो. वंशाचाही हात असतो. तैवानातील पांढऱ्या रोमन जातीच्या राजहंसांवरील अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला, त्यात हे दिसून आले. म्हणजे सारा दोष एकट्या खाद्यावर टाकता येणार नाही. परंतु पाळणाऱ्याच्या हातात रोजच्या रोज असते ते खाद्यच.

आता आकडे पाहू. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९९४ साली पक्ष्यांच्या आहाराचे कोष्टक दिले. त्यानुसार राजहंसाच्या पिल्लाला पहिले चार आठवडे २० टक्के प्रथिने पुरतात आणि त्यानंतर १५ टक्के. ब्रॉयलरच्या सुरुवातीच्या खाद्यात मात्र २२-२३ टक्क्यांपर्यंत प्रथिने असतात. ते खाद्य सहा-सात आठवड्यांत कोंबडी बाजारात नेण्यासाठी बनवलेले असते. वर्षानुवर्षे जगणाऱ्या राजहंसाला ते जसेच्या तसे चालवणे चुकीचे आहे.

गंमत अशी की हेच भारी खाद्य एका बाबतीत अपुरे पडू शकते. नियासिन नावाचे जीवनसत्त्व ब्रॉयलर पिल्लाला किलोभर खाद्यात ३५ मिलिग्रॅम लागते, तर राजहंसाच्या पिल्लाला ६५. ते कमी पडले की पाय वाकडे होतात. आमच्या गृहस्थांनी पैसे जास्त मोजले आणि पिल्लांना नको ते जास्त, हवे ते कमी मिळण्याची वेळ आली.

गवत हेच मूळ खाद्य

राजहंस हा चरणारा पक्षी आहे, ही गोष्ट आपण विसरतो. काश्मीरच्या पाणथळ भागात, वुलर सरोवराच्या आसपास, घरोघरी 'अंझ' पाळतात. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने नोंदवलेली ही आपल्या देशातील राजहंसाची पहिली जात. दिवसभर हे पक्षी काठावर आणि पाण्यात चरतात. घरातले उष्टे-खरकटे, कोंडा वरून मिळतो. विकतच्या खाद्याचा खर्च अगदी थोडा. कोकणातल्या वाडीत गवत काही कमी नाही. मग पोत्यावर पोती का रिकामी करावीत?

पाळणाऱ्यांसाठी आम्ही पुढील गोष्टी सुचवतो.

पहिले तीन-चार आठवडे २० टक्क्यांच्या आसपास प्रथिने असलेले खाद्य द्यावे. पिल्ले आठवड्याची झाली की ऊन-पाऊस सांभाळून कोवळ्या गवतावर सोडावीत. औषध फवारलेले गवत कटाक्षाने टाळावे. गवत पचण्यासाठी बारीक खडी आणि पिण्यास मुबलक पाणी ठेवावे.

पंखाची मोठी पिसे दिसू लागली की दिवसरात्र खाद्य ठेवणे बंद करून ठराविक वेळीच द्यावे. २० टक्क्यांचे खाद्य आणि साधारण १० टक्के प्रथिनांची भरडलेली ज्वारी निम्मी-निम्मी मिसळली की १५ टक्क्यांचा मेळ बसतो. मात्र मिसळताना जीवनसत्त्वे आणि क्षारही निम्म्यावर येतात. म्हणून क्षार-जीवनसत्त्वांचे मिश्रण पशुवैद्याला विचारून घालावे. नियासिनसाठी यीस्ट उपयोगी पडते. नुसता पाव किंवा नुसता मका यांवर पिल्ले वाढवू नयेत.

रोज संध्याकाळी प्रत्येक पिल्लाचे पंख पाहावेत. टोक लोंबताना दिसले तर त्याच दिवशी पंख नैसर्गिक घडीत मिटवून मऊ पट्टीने बांधावा. पट्टी घट्ट नसावी आणि ती रोज तपासावी. खाद्य कमी करून गवत वाढवावे. कोवळ्या वयात चार-पाच दिवसांत बहुधा गुण येतो. हाड पक्के झाल्यावर मात्र पट्टीचा उपयोग होत नाही.

व्यंग असलेल्या पक्ष्याचे मांस खाण्यास हरकत नाही, पण त्याची अंडी उबवणुकीला ठेवू नयेत. शोभेच्या किंवा पैदाशीच्या पक्ष्यांत तो विकू नये, आणि विकलाच तर दोष दाखवून विकावा. लपवलेला दोष गिऱ्हाईक पुन्हा दारात येऊ देत नाही.

राजहंस कोंबडीसारखा बारमाही अंडी देत नाही. कित्येक जातींत वर्षाला ३०-४० अंडीच मिळतात. त्यामुळे प्रत्येक पिल्लू मोलाचे. पिसांनाही किंमत आहे. बॅडमिंटनच्या एका चांगल्या फुलाला १६ पिसे लागतात, तीही सरळ, न मोडलेली आणि एकाच बाजूच्या पंखाची. बाहेर आलेला पंख जाळीला घासून झिजतो, मग ते उत्पन्नही गेले.

आमच्या गृहस्थांची ती नऊ पाखरे आता वाडीची राखण करतात. विकायची नाहीत असे त्यांनी ठरवले आहे. पुढच्या खेपेसाठी त्यांनी खाद्याची मागणी निम्म्यावर आणली आणि वाडीला कुंपण घालून पिल्ले चरायला मोकळी केली. जोडधंदा करू पाहणाऱ्या तरुणांना आमचे सांगणे एवढेच की जनावर आणण्याआधी त्याचे पोट ओळखा. एकाचे खाद्य दुसऱ्याला घालून वेळ वाचत नाही. नुकसान तेवढे लवकर दारात येते.