दीड हजाराचं काम, चाळीस हजारांचा फटका: ईसीएम प्रोग्रामिंग करताना बॅटरी सांभाळा



गॅरेज सुरू करू पाहणारी मंडळी मला हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात. "सर, स्कॅनर घेतलाय, लॅपटॉप आहे. ईसीएम प्रोग्रामिंगचं काम सुरू करू का?" जरूर करा. पण आधी सांगा, प्रोग्रामिंग चालू असताना गाडीला करंट कुठून देणार? "गाडीच्या बॅटरीवरच की!" असं तुमचं उत्तर असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

आमच्या वर्गाला येणारा एक मेकॅनिक. हात चांगला, गिऱ्हाईक बांधलेलं. दीड हजार रुपयांत एका डिझेल गाडीचं प्रोग्रामिंग घेतलं. काम अर्ध्यावर आलं, रेडिएटरचा पंखा सुरू झाला आणि स्क्रीन जागच्या जागी थांबली. त्यानंतर गाडी सुरूच होईना. नवीन ईसीएम, गाडी ओढून नेणं आणि कोडिंग मिळून खर्च गेला 40 हजारांच्या घरात. म्हणजे साधारण 27 कामांची कमाई एका दुपारी गेली. चूक प्रोग्रामची नव्हती, बॅटरीची होती.

नेमकं होतं काय?

प्रोग्रामिंगमध्ये ईसीएमच्या मेमरीतला जुना प्रोग्राम आधी पुसला जातो, मग नवा तुकड्या-तुकड्यांनी लिहिला जातो. मध्येच व्होल्टेज पडलं, तर जुना गेलेला आणि नवा अर्धवट. काही ईसीएम पुन्हा प्रयत्न केल्यावर सावरतात. काही बाहेर काढून टेबलावर दुरुस्त करावे लागतात. काही कायमचे जातात.

आता हिशेब करा. इंजिन बंद, चावी ऑन. अल्टरनेटर फिरत नाही, म्हणजे बॅटरीत भर पडत नाही, नुसता उपसा चालू. समजा गाडी 20 अँपिअर खेचतेय आणि काम 45 मिनिटं चाललं. झाले 15 अँपिअर-अवर. छोट्या गाडीची बॅटरी असते 35 अँपिअर-अवरच्या आसपास. नवी असली तरी जवळपास अर्धी रिकामी! जुनी असेल तर विचारूच नका. पूर्ण चार्ज झालेली बॅटरी सुरुवातीला 12.6 व्होल्ट दाखवते म्हणून निर्धास्त राहू नका. लोड आला की खरं काय ते कळतं.

जुगाड का चालत नाही?

गॅरेजमधला नेहमीचा चार्जर लावतो, असं बरेच जण म्हणतात. पण साध्या चार्जरचा करंट गुळगुळीत नसतो, त्यात चढउतार असतात. बूस्टवर टाकला तर व्होल्टेज 15 च्या वर जाऊ शकतं. ऑटोमॅटिक चार्जर बॅटरी भरली असं समजून करंट कमी करतो, आणि नेमका तेव्हाच पंखा सुरू होतो. जंपर केबलने दुसरी बॅटरी जोडली तर थोडा वेळ मिळतो, पण तीही उतरतच असते, आणि एक चिमटा सैल झाला की संपलं. दुसरी गाडी चालू ठेवून केबल लावणं तर टाळाच.

हवा असतो बॅटरी सपोर्ट युनिट, म्हणजे लोड कितीही बदलला तरी व्होल्टेज स्थिर ठेवणारा पॉवर सप्लाय. साधारण 13 ते 14 व्होल्टच्या मध्ये ठेवतात, पण त्या गाडीचं मॅन्युअल सांगेल तोच आकडा खरा. छोट्या गाड्यांना 30 ते 50 अँपिअरचा पुरतो, मोठ्या गाड्यांना 70 ते 100 चा लागतो.

कामाआधीची यादी भिंतीवर लावा

1. बॅटरी तपासा. कमजोर असेल तर आधी चार्ज करा किंवा बदला, मगच लॅपटॉप उघडा.
2. एसी, ब्लोअर, दिवे, म्युझिक बंद. मोबाइल चार्जर काढा. दारं लावून घ्या.
3. इंजिन गरम असेल तर थंड होऊ द्या, म्हणजे पंखा मध्येच लागणार नाही.
4. टर्मिनल घासून साफ करा. निगेटिव्हवर बॅटरी सेन्सर असेल तर काळा चिमटा बॉडीच्या अर्थ पॉइंटला लावा.
5. लॅपटॉप चार्जिंगला. स्लीप मोड आणि ऑटो अपडेट बंद.
6. आपल्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही. सपोर्ट युनिटचा लोड पेलेल असा इन्व्हर्टर किंवा यूपीएस मागे ठेवा.
7. काम पूर्ण झालं असं स्क्रीनवर आल्यावर आधी चावी बंद करा, मग सपोर्ट युनिट काढा.

"सर, पण मशीन महाग आहे!"

चला, आकडे मांडू. समजा मशीन 24,000 रुपयांचं आहे. महिन्याला 10 कामं धरली, तर दोन वर्षांत 240 कामं. म्हणजे एका कामामागे फक्त 100 रुपये. ते दरात धरा. दीड हजाराचे सोळाशे सांगायला लाजू नका. फक्त कारण सांगा: "साहेब, काम चालू असताना गाडीला बाहेरून स्थिर सप्लाय देतो, म्हणून तुमचा ईसीएम सुरक्षित राहतो." गिऱ्हाईक शंभर रुपयांसाठी घासाघीस करेल, पण हे ऐकल्यावर शेजारच्या गॅरेजलाही हाच प्रश्न विचारेल. तुमची जाहिरात तिथेच झाली.

आणि जॉब कार्डवर तीन गोष्टी लिहाच: कामाआधीचं व्होल्टेज, बॅटरीची स्थिती आणि गिऱ्हाइकाची सही. बॅटरी खराब असूनही "तसंच करा हो, काही होत नाही" असा आग्रह झाला, तर हात जोडून नाही म्हणा. ते "काही होत नाही" त्यांचं असतं, चाळीस हजार मात्र तुमचे असतात.

धंद्यात अवजार घ्यायचं ते काम करण्यासाठी, हे सगळ्यांना कळतं. पण काही अवजारं काम बिघडू नये म्हणून घ्यायची असतात. दुकान टिकतं ते त्यांच्यावरच. मशीन परवडेपर्यंत स्कॅनिंग करा, सर्व्हिसिंग करा, पैसे बाजूला टाका. प्रोग्रामिंगचा बोर्ड मात्र सपोर्ट युनिट आल्यावरच लावा.