कॉर्कचा सुतार, डिअरबॉर्नचा शेतकरी

सन १८४७. बटाट्याच्या पिकावर रोग पडून दुसरं वर्ष सरलं होतं आणि उपासमारीनं आयर्लंडची खेडी ओस पडत चालली होती. कॉर्क परगण्यातल्या बॅलिनास्कार्थी गावचं फोर्ड कुटुंब त्या वर्षी अमेरिकेला निघालं. त्यात एकविशीतला विल्यम होता. गावची जमीन खंडानं कसलेली, मालक दुसराच. स्वतःचं म्हणावं असं विल्यमजवळ होतं ते सुतारकाम.

मिशिगनमधल्या डिअरबॉर्न परिसरात त्याचे चुलते १८३२ पासूनच वसले होते. वडिलांनी तिथे ८० एकर जमीन घेतली. आधी जंगल तोडायचं, खुंट उपटायचे, मग पेरायचं. घरं, कोठारं, कुंपणं सगळी लाकडाची, त्यामुळे सुताराला कामाचा तोटा नव्हता. विल्यमनं मिशिगन सेंट्रल रेल्वेवर सुतारकी केली, शेजाऱ्यांच्या शेतांवरही केली. आपल्याकडचा बलुतेदार सुतार सुगीच्या धान्यावर वर्षभर राबत असे. विल्यमच्या हाती रोख मजुरी पडे. त्याचं सारं पुढचं आयुष्य या फरकावर उभं राहिलं, कारण रोकड साठली की तिथे जमीन विकत घेता येई.

पॅट्रिक ओहर्न हा शेजारीही मूळचा कॉर्कचाच. त्यानं वाढवलेल्या मेरी लिटोगॉटशी विल्यमचं १८६१ मध्ये लग्न झालं. ओहर्न पतिपत्नी आणि हे जोडपं एकाच घरात राहिलं. ३० जुलै १८६३ रोजी तिथे हेन्री जन्मला, पुढे मोटारींचा कारखानदार म्हणून गाजलेला हेन्री फोर्ड.

हेन्री फोर्डच्या गोष्टीत विल्यम येतो तो यंत्रांना विरोध करणारा हेकट बाप म्हणून. मला हे चित्र अन्यायाचं वाटतं, आणि हेन्रीची बहीण मार्गारेट हिलाही ते मान्य नव्हतं. १८७६ मध्ये रस्त्यावर स्वतःच्या बळावर चालणारं वाफेचं इंजिन हेन्रीनं पाहिलं, तेव्हा तो बापाच्याच गाडीत बसला होता. यंत्रांचा नाद सोडशील तर झाडीची जमीन देतो, असं विल्यमनं पुढे मुलाला सांगितलं, हे खरं. पण खंडाच्या जमिनीवरून उठून आलेल्या माणसाला मालकीच्या शेतापेक्षा मोठं देणं कुठलं सुचणार? हेन्रीनं जमीन घेतली, तिच्यावर लाकूड कापायची गिरणी चालवली आणि झाडी संपत आल्यावर तो डेट्रॉइटला गेला.

विल्यम १९०५ मध्ये वारला. हेन्रीची मॉडेल टी मोटार त्यानंतर तीन वर्षांनी आली. १९१७ मध्ये हेन्रीनं कॉर्क शहरात कारखाना काढला. १९१९ पासून तिथे फोर्डसन ट्रॅक्टर बनू लागले आणि १९८४ पर्यंत तो कारखाना चालला. बापाच्या परगण्यातल्या तरुणांना त्यानं घराजवळ मजुरी दिली. पण १९३० च्या दशकात त्यांतले बरेच जण इंग्लंडमधल्या डॅगनमच्या फोर्ड कारखान्यात गेले. सुट्टीला घरी आले की कॉर्ककर त्यांना ‘डॅगनम यँक्स’ म्हणत.