मानवी हक्कांचे शिक्षण आणि वर्गातील रिकामे बाक

१० डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाने मानवी हक्कांचा जागतिक जाहीरनामा स्वीकारला. त्याची आठवण म्हणून दरवर्षी आपल्या शाळा-महाविद्यालयांतून मानवी हक्क दिन साजरा होतो, भाषणे होतात. परंतु त्याच दिवसांत पनवेल व रायगड जिल्ह्यातील कित्येक कातकरी कुटुंबे मुलाबाळांसह वीटभट्ट्यांवर गेलेली असतात आणि वर्गातील काही बाके रिकामी राहतात. ज्याच्या हक्काविषयी आपण बोलतो, तोच ऐकायला नसतो.

मानवी हक्कांचे शिक्षण म्हणजे नेमके काय? संयुक्त राष्ट्रसंघाने २०११ साली याविषयी स्वतंत्र घोषणापत्र स्वीकारले. त्यात तीन अंगे सांगितली आहेत : हक्कांची माहिती देणे, शिकणारा व शिकवणारा या दोघांच्या हक्कांचा मान राखून शिकवणे, आणि हक्क बजावण्याचे व दुसऱ्यांचे हक्क जपण्याचे बळ देणे. आपल्याकडे बहुधा पहिल्या अंगावरच काम थांबते.

वास्तविक कायदा स्पष्ट आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक बालकाला मोफत शिक्षणाचा हक्क दिला असून स्थलांतरित कुटुंबांतील मुलांना प्रवेश मिळवून देण्याची जबाबदारी स्थानिक प्राधिकरणावर टाकली आहे. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. वसई परिसरात विधायक संसदेने भट्ट्यांवरच ‘भोंगा शाळा’ चालवून मार्ग दाखवला.

महाविद्यालयीन युवकांनी याहून पुढे जावे. मालकाकडून घेतलेली ‘उचल’ फेडण्यासाठी कुटुंबाला सक्तीने राबवणे ही वेठबिगारी होय, आणि १९७६ च्या कायद्याने ती व तिच्यापोटीचे कर्ज दोन्ही रद्द केले आहे, हे त्यांना ठाऊक असले पाहिजे.

परमगुरू तेविसावे जॉन यांनी १९६३ च्या ‘पाचेम इन तेर्रिस’ या विश्वपत्रात शिक्षणाची गणना मानवी हक्कांत केली आणि प्रत्येक हक्काशी कर्तव्य जोडलेले असते, असे शिकवले. देवाच्या प्रतिरूपात निर्मिलेल्या लेकराचा हक्क हे आपले कर्तव्य ठरते.

म्हणून शिक्षक व पालक बंधुभगिनींना आमची विनंती आहे : येत्या १० डिसेंबरला भाषणापूर्वी हजेरीपट पाहा. जो गैरहजर आहे, तो कोठे आहे, याची चौकशी करा. मानवी हक्कांचा पहिला धडा तेथूनच सुरू होईल.