फॅक्सवर कागद अस्पष्ट का पोहोचतो? झेरॉक्स-स्कॅनिंगचं काउंटर टाकणाऱ्यांसाठी

फॅक्सचा धंदा आता राहिला नाही, हे आधीच सांगतो. एसटीडी-पीसीओच्या पाटीवर 'फॅक्स' लिहिलं की गिऱ्हाईक यायचं, ते दिवस गेले. तरी काउंटर टाकणाऱ्या प्रत्येकाला मी फॅक्स समजावून सांगतोच. कारण कागद पाठवताना तो नेमका कुठे खराब होतो, हे फॅक्समध्ये जितकं स्पष्ट कळतं तितकं दुसरीकडे कळत नाही. आपल्या काटोलमध्ये लोक सातबारा, टीसी, जातीचा दाखला घेऊन येतात. तो अस्पष्ट गेला की अर्ज परत येतो, आणि तोवर शेवटची तारीख निघून जाते.

आता मशीन काय करतं ते बघा. कागद आत सरकतो आणि मशीन त्याची एकेक आडवी ओळ वाचतं. एका ओळीत 1728 ठिपके. प्रत्येक ठिपक्याला एकच प्रश्न, काळा की पांढरा? मधलं काही नाही. म्हणून फिकट जांभळा शिक्का किंवा पेन्सिलची सही 'पांढरी' ठरून गायबच होते. उलट पिवळा पडलेला जुना कागद 'काळा' ठरतो. ते कॉन्ट्रास्टचं बटण याचसाठी असतं, पण बरेच जण त्याला कधी हातच लावत नाहीत.

साध्या सेटिंगवर मशीन एका मिलिमीटरमध्ये जवळपास 4 ओळी वाचतं, 'फाइन'वर त्याच्या दुप्पट. ए-4 पानाचे साध्यावर सुमारे 20 लाख ठिपके होतात. सेकंदाला 9600 बिट या वेगाने ते जसेच्या तसे पाठवले तर एका पानाला साडेतीन मिनिटं लागतील. म्हणून मशीन एकेक ठिपका न पाठवता 'इतके पांढरे, मग इतके काळे' असा हिशोब पाठवतं. स्वच्छ टाइप केलेलं पान त्यामुळे पटकन जातं. पण झेरॉक्सची झेरॉक्स असेल, सगळीकडे काळे कण असतील, तर प्रत्येक कण हा हिशोब तोडतो आणि वेळ वाढतो. एसटीडीच्या काळात त्याचे पैसे लागायचे. घाणेरडा कागद खरोखर महाग पडायचा!

मग येते लाइन. सुरुवातीला जो कर्कश आवाज येतो, त्यात दोन मशीन आपसात वेग ठरवत असतात. लाइनमध्ये खरखर असेल तर 14400 वरून 9600, 7200, 4800, शेवटी 2400 पर्यंत खाली येतात. काही मशीनमध्ये चूक सुधारण्याची सोय असते, ईसीएम म्हणतात तिला. बिघडलेला तुकडा समोरचं मशीन परत मागतं. ही सोय बंद असेल तर मधल्या ओळी गळतात किंवा अक्षरं कापली जातात. फायबरच्या फोनवर आवाज पॅकेटमध्ये तुटून जातो. तिथे फॅक्स अडकत असेल तर मशीनचा वेग मुद्दाम कमी करून बघा.

दोष आपला की लाइनचा, हे ओळखणं सोपं आहे. तोच कागद आपल्याच मशीनवर कॉपी करा. कॉपीतही उभी काळी रेघ आली तर आपल्या स्कॅनरच्या काचेवर व्हाइटनर किंवा शाईचा कण बसलाय. कॉपी स्वच्छ आली तर लाइनकडे किंवा समोरच्या मशीनकडे बघा. आजच्या ऑल-इन-वनमध्ये वरून कागद ओढणारा फीडर असतो, त्याच्या बाजूच्या अरुंद काचपट्टीवर हाच कण बसतो. लोक मोठी काच पुसतात अन् ही पट्टी विसरतात. मऊ कोरडं कापड रोज सकाळी फिरवा, एवढंच.

एक गोष्ट मात्र आज जास्त बिघडली आहे. फॅक्सचा हिशोब एकही ठिपका टाकून देत नव्हता. मोबाइलवर फोटो म्हणून पाठवलेला दाखला लहान करताना बारीक तपशील टाकूनच दिला जातो. तोच पुन्हा पोर्टलसाठी केबी कमी करून चढवला की शिक्क्यातली अक्षरं मिटलीच समजा. गिऱ्हाइकाला सांगा, 'भाऊ, मूळ कागद आणा.' मोबाइलवरूनच घ्यायचं असेल तर फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून मागवा.

फॅक्सच्या रिपोर्टवर 'ओके' येतं, त्याचा अर्थ समोरच्या मशीनला पान मिळालं, इतकाच. वाचता येतं की नाही, ते मशीनला कळत नाही. पोर्टलवरच्या 'अपलोड सक्सेसफुल'चंही तसंच. सबमिट करण्याआधी फाइल उघडा, मोठी करा, आणि दाखल्याचा नंबर गिऱ्हाइकाकडूनच मोठ्याने वाचून घ्या.