सूड आधी, तुरुंग नंतर

‘जंजीर’पासून (1973) हिंदी सूडपटाची चाल ओळखीची झाली: खोट्या आरोपात अडकलेला नायक तुरुंगातून सुटतो आणि हिशेब चुकता करायला निघतो. कराडजवळच्या मलकापूरहून महामार्गाने कोल्हापूरकडे निघालं की सांगली जिल्ह्यातला वाळवा तालुका लागतो. तिथल्या बोरगावच्या बापू बिरू वाटेगावकरांच्या आयुष्यात हा क्रम उलटा आहे. गावगुंड रंगा शिंदेचा खून केल्यानंतर ते वर्षानुवर्षं फरार राहिले. जन्मठेप भोगून सुटल्यावर मात्र गावोगाव प्रवचनं करू लागले. 2018मध्ये ते वारले. त्यांच्यावर चित्रपटही निघाला, पण लोकांच्या तोंडी आजही आहे तो फरारी बापूच. प्रवचनकाराला तिकीट कोण काढणार?

एका माणसावरून ‘सूडच विकला जातो’ असा नियम काढू नये, हा आक्षेप रास्तच. शिवाय याच सांगली जिल्ह्यात, आटपाडीजवळ, औंध संस्थानाने कैद्यांसाठी स्वतंत्रपूरची खुली वसाहत उभारली. तिच्यावरून प्रेरणा घेतलेल्या दिग्दर्शक व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’मध्ये (1957) भाजी विकणारे खुनी कैदी भर बाजारात गुंडांचा मार खातात, पण जेलरला दिलेल्या शब्दाखातर हात उचलत नाहीत. या चित्रपटाला बर्लिन महोत्सवात रौप्य अस्वल मिळालं. सुडाशिवाय थरार उभा राहत नाही म्हणणाऱ्यांनी तो बाजारातला प्रसंग पुन्हा पाहावा.